हे हितं कसं आलं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावी सायन्सला, फिजिक्सच्या पुस्तकाखाली कायम दुसरं एखादं पुस्तक, एकतर अंतराळातलं नाहीतर वाळवंटात थडगं उकरताना प्राचीन यंत्र सापडतं तसलं, आणि तुम्ही विचारलंय की या पुस्तकांत एवढं असतं तरी काय, वय वाढलं की हे सुटेल का, आणि आता तो पुरातत्त्वच शिकायचं म्हणतोय त्याचं काय करायचं. मी तीसेक वर्षं उत्खननाच्या कामात काढली, ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या चौकोनी खड्ड्यात, उकिडवं बसून बसून गुडघे गेले, आणि ही पुस्तकं तुमच्या पोराच्या वयाचा होतो तेव्हापासून आजपर्यंत वाचतोय. त्यामुळं दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. जरा लांबेल, पण निवांत वाचा.

आधी एक करा. सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा. तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे सीपीआर दवाखान्यासमोरून शंभरदा गेला असाल, बागेत बसून भेळ खाल्ली असेल, पण आत किती वेळा गेलात? त्या संग्रहात एक लहानशी कांस्याची मूर्ती आहे. दाढीवाला उघडाबंब पुरुष, अंगाची ठेवण आपल्याकडच्या कुठल्याच देवासारखी नाही. तो पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. आणि तो सापडला कुठं तर ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, आपल्या पंचगंगेच्या काठाला. समुद्र राहिला सह्याद्रीच्या पलीकडं आणि ग्रीस तर त्याच्याही पलीकडं कुठल्या कुठं.

मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या मास्तरांनी आम्हाला तिथं नेलं होतं. बाकीची पोरं तलवारी बघायला पळाली आणि मी तिथंच उभा राहून मास्तरांना विचारलं, "सर, हे हितं कसं आलं?" सर म्हणाले, तू शोधून काढ. पुढचं माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर गेलं म्हणा ना.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे. जागा चुकलेली वस्तू. या दोन्ही जातीच्या पुस्तकांची ओढ तिथून सुरू होते. पहिल्या दहा पानांत अशी एखादी वस्तू समोर येते जी तिथं असायला नको, त्या काळात असायला नको, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तो किडा वळवळायला लागतो की हे हितं कसं आलं. चंद्राच्या मातीत पुरलेली चकती असो नाहीतर पिरॅमिडच्या भिंतीत बसवलेलं चक्र, प्रश्न तोच. एकदा तो डोक्यात शिरला की माणूस जेवायला हाक मारली तरी उठत नाही. तुमचं पोरगं उठत नाही ते त्यामुळं, आळसामुळं नाही.

आता पोसायडनचंच बघा. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरीला रीतसर उत्खनन केलं. तिथं सातवाहन काळातली वस्ती होती, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि रोमन बनावटीच्या कांस्य वस्तू या टेकाडानं दिल्या, आरसा आहे, सुरईसारखी भांडी आहेत. त्या काळी मोसमी वाऱ्यावर जहाजं तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला यायची, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं गजबजलेली असायची, आणि माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर यायचा. वस्तू आली कशी त्याचं निम्मं उत्तर हे झालं. पण का आली? कुणी रोमन व्यापारी आपला देव सोबत घेऊन आला होता का? का इथल्या एखाद्या शेठजीला ती मूर्ती आवडली आणि त्यानं घरात मांडायला म्हणून घेतली? का मोडीत काढलेलं कांस्य म्हणून पोत्यात भरून आली आणि इथला तांबट ती वितळवून घागर करणार होता पण राहून गेलं? तिन्ही शक्य आहे, आणि तीन वेगवेगळ्या कादंबऱ्या होतील बघा. पहिलीत परमुलखात एकटा पडलेला माणूस आहे, दुसरीत हौस आणि पैसा, तिसरीत एक कारागीर जो भट्टी पेटवतो आणि ती मूर्ती हातात धरून थांबतो. मला स्वतःला तिसरी सगळ्यात आवडते.

पोराला हे तीन पर्याय सांगा आणि विचारा, यातला कुठला खरा हे ठरवायला तुला जमिनीत काय सापडायला पाहिजे? तो गप्प होईल, मग बोलायला लागेल, आणि मग तुम्हाला कळेल की त्या पुस्तकांनी त्याचं डोकं बिघडवलेलं नाही, घडवलंय. मोडीचा माल असेल तर सोबत तुटकी भांडी, कांस्याचे तुकडे, मूस, राख असं सापडायला हवं. पूजेतला देव असेल तर ठेवायची जागा दिसायला हवी. हे असं मागं मागं जात विचार करणं म्हणजेच आमचं काम.

आता सायन्स फिक्शन. लोकांना वाटतं ते भविष्याचं असतं आणि पुरातत्त्व भूतकाळाचं, दोघांचा काय संबंध. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटापाशी १९०० साली समुद्रस्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज दिसलं आणि १९०१ मध्ये त्यातून पुतळ्यांबरोबर गंजून दगड झालेला एक गोळा वर आला. तो गोळा फुटला तेव्हा आत दाते असलेली चाकं दिसली. घड्याळात असतात तशी, कांस्याची, आणि जहाज तर दोन हजार वर्षांपेक्षा जुनं! पुढं एक्स-रे काढले, २००५ मध्ये सीटी स्कॅन केला, तीस चाकं शिल्लक आहेत, आणि ते यंत्र सूर्यचंद्राच्या जागा दाखवायचं, ग्रहणं सांगायचं. एवढ्या बारकाईचं दातेरी यंत्रकाम परत दिसायला युरोपला हजारभर वर्षं लागली. ही कल्पना एखाद्या लेखकानं आधी लिहिली असती तर संपादक म्हणाला असता, राव जरा जास्तच होतंय. पण ते अथेन्सच्या म्युझियममध्ये काचेमागं ठेवलेलं आहे. सायन्स फिक्शनवाल्याला या गोष्टीची भुरळ पडते कारण तिच्यात त्याचा सगळा धंदा आलाय, की माणसाला एखादी गोष्ट येत होती आणि नंतर ती विसरली गेली, मग आज आपल्याला जे येतं तेही विसरलं जाईल का?

आपल्या मराठीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आणणारा माणूस आपल्याच गावात जन्माला आला हे पोराला नक्की सांगा. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. पहिला नंबर आला. आणि त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी तर थेट जमिनीखालूनच सुरू होते, खोदताना एका प्राचीन आणि आपल्यापेक्षा प्रगत संस्कृतीची पेटी हाताला लागते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो आणि मग कळतं की ती संस्कृती का बुडाली असावी. पोरानं वाचली नसेल तर हीच आधी द्या.

सगळीच पुस्तकं चांगली असतात असं मात्र मी म्हणणार नाही, आणि इथं मला जरा कडक बोलायचंय. चांगलं पुस्तक स्वतःला नियम घालून घेतं. लेखक सुरुवातीला सांगतो की या जगात अमुक होतं आणि तमुक होत नाही, आणि शेवटपर्यंत तो शब्द पाळतो. वाईट पुस्तक अडलं की परग्रहावरून कुणालातरी बोलावतं. वेरूळचं कैलास लेणं माणसाला शक्यच नाही, ते एलियननी कापलं, असले व्हिडिओ पोरं मोबाईलवर बघतात ना, ते याच जातीचे. मला याचा मनापासून राग येतो. अजिंठ्याला जाऊन चोवीस नंबरचं लेणं बघा, अर्धवट राहिलेलं आहे. छत आधी कसं धरलं, खांबांच्या जागी दगडाचे ठोकळे कसे सोडले, कुठं हात थांबला, सगळं दिसतं. छिन्नीच्या खुणा आहेत तिथं. ज्या पाथरवटांच्या पिढ्यांनी दगडाची धूळ छातीत घेऊन ते केलं त्यांच्या हातातून ते काढून घ्यायचं आणि परग्रहावरच्या कुणालातरी द्यायचं, हा त्या माणसांचा अपमान आहे. पोराला पुस्तक निवडायचं असेल तर कसोटी एकच, शेवटी उत्तर मिळाल्यावर माणसाबद्दलचा आदर वाढला का कमी झाला.

आणि चमत्कार हवेच असतील तर आपल्या अंबाबाईच्या देवळात आहेत की. किरणोत्सव तुम्ही बघितला असेल. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर जातात. आपण हात जोडतो, जोडायलाच पाहिजेत. पण पोराला कॅलेंडर घेऊन बसवा. दहा नोव्हेंबरपासून एकवीस डिसेंबरपर्यंत, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या दिवसापर्यंत, किती दिवस? एक्केचाळीस. एकवीस डिसेंबरपासून एक फेब्रुवारीपर्यंत? बेचाळीस. म्हणजे सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो त्याच जागी परत येताना मावळतो, पश्चिमेच्या डावीकडं साधारण अठरा अंश, आणि देवळाची रेषा त्या जागेवर लागलेली आहे. ज्यानं ही सुतळी धरली त्याच्याकडं काय होतं, एक काठी, सावली आणि वर्षानुवर्षं बघत राहायची चिकाटी. मधे घरं उंच झाली, धूर वाढला की किरणं अडतात, अडथळे काढायला लागतात, म्हणजे हे यंत्र आजसुद्धा चालू आहे आणि त्याची देखभाल गावाला करावी लागते. मला कुठल्याही कादंबरीतल्या गुप्त दरवाज्यापेक्षा हे मोठं वाटतं.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगतो, कारण पोरगं त्यात पडायचं म्हणतंय. कादंबरीत हिरो वस्तू उचलतो आणि पळतो, मागं छत कोसळतं. आमच्यात जो वस्तू आधी उचलतो त्याला ट्रेंचमधून बाहेर काढतात. वस्तू कुठल्या थरात होती, तिच्या वर काय, खाली काय, शेजारी काय, हे वहीत उतरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. थरातून उपटलेली वस्तू मुकी होते, मग ती सोन्याची असली तरी. हॉवर्ड कार्टर या इंग्रज उत्खननवाल्याला इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ ला दिसली, आणि आतल्या पाच हजारांवर वस्तू नोंदवून, फोटो काढून, टिकवून बाहेर काढायला १९३२ उजाडलं. दोरा कुजलेल्या मण्यांच्या नक्षीवर मेण ओतून ती आहे तशी उचलायची, असली कामं. पायरी दिसण्याचा दिवस एक आणि पुढची दहा वर्षं ही. ज्याला त्या दहा वर्षांची गोडी लागते तो टिकतो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सापडलेली गोष्ट विचाराल तर एक खापर आहे. मार्च महिना, दुपारचे तीन, पाच बाय पाचची ट्रेंच, ऊन डोक्यावर. गावातल्या मावशी बादलीत खापरं धूत होत्या, एक एक ब्रशनं घासून गोणपाटावर वाळत घालायच्या. त्यातलं एक रांजणाच्या बुडाचं खापर मी सहज उलटं केलं. आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता, ओली माती दाबताना उठलेला, नखाची चंद्रकोरसुद्धा स्पष्ट. मी माझा अंगठा त्यात ठेवला. बसला नाही, तो ठसा माझ्यापेक्षा लहान होता. मावशींनी हात पुसला, त्यांचा अंगठा ठेवला, तो बरोबर बसला. कुणा बाईचा असेल नाहीतर शिकणाऱ्या पोराचा. आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही. मग मावशी म्हणाल्या, "हिनंबी असंच उन्हात बसून केलं असंल." त्या खापरावर मी नंबर घातला आणि पिशवीत ठेवलं, पण त्या दुपारी दोन हजार वर्षं कुठं गेली मला कळलं नाही. ही पुस्तकं वाचताना पोराला जे होतं ना, ते याच जातीचं आहे, फक्त त्याला अजून खापर मिळालेलं नाही.

आणि यात सायन्स किती आहे हे त्याच्या सायन्सच्या मास्तरांनी त्याला सांगितलं पाहिजे. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वरच्या हवेत धडकतात, त्यातून नायट्रोजनचा कार्बन-१४ होतो, तो झाडात जातो, ज्वारी-बाजरीच्या दाण्यात जातो, आणि दाणा मेला की तो घटायला लागतो, ५७३० वर्षांत निम्मा. १९४९ साली लिबी नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं यावरून वय काढून दाखवलं आणि १९६० ला त्याला नोबेल मिळालं. म्हणजे चुलीत जळालेला एक दाणा स्वतःत घड्याळ घेऊन बसलेला असतो आणि त्याची चावी अंतराळातनं फिरवलेली असते. खापराचं तर याहून नवल. भाजताना त्याच्या मातीतल्या बारीक खड्यांमधली साठलेली ऊर्जा रिकामी होते, मग पुरलेलं असताना आजूबाजूच्या किरणोत्सारानं परत साठत जाते, आणि प्रयोगशाळेत ते तापवलं की उजेड देतं. जितका जास्त उजेड तितकं जुनं. अंधारात उजेड देणारं खापर! हे पाठ्यपुस्तकात नीट सांगितलं असतं तर पोरानं दुसरं पुस्तक खाली लपवून वाचलं नसतं.

एक काळी बाजू आहे तीही सांगतो. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडं पांढर म्हणतात, राखेनं माती पांढुरकी झालेली असते म्हणून. एका गावाला आम्ही सर्व्हेला गेलो, आधीच्या वर्षी नोंदवून ठेवलेली पांढर, आणि बघतो तर निम्मी जेसीबीनं कापून नेलेली. उभ्या कापात चुलीची काळी रेघ दिसत होती, त्याच्याखाली शेणानं सारवलेली जमीन, अर्धा रांजण लटकत होता आणि दुसरा अर्धा कुणाच्यातरी शेतात खत म्हणून पसरला होता. वरच्या बाजूला लिंबू, कुंकू आणि एक खड्डा, गुप्तधनवाल्यांचा. मला त्या दिवशी घास गेला नाही. आणि मला असं वाटतं की थडग्यातला खजिना घेऊन पळणारा हिरो दाखवणाऱ्या पुस्तकांचा त्यात थोडा वाटा आहे. पोराला हे माहीत असू दे की १८७८ पासून कायदा आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची चीज सापडली तरी कलेक्टरला कळवायला लागते. सापडलं तर हात न लावता सांगायचं, बस्स.

शिकण्याचं थोडक्यात. आत्ता त्याला सायन्स सोडायला लावू नका आणि त्यानंही सोडू नये. कुठल्याही शाखेची पदवी झाली की पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एमए करता येतं, आणि एमए झाल्यावर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची ग्रेटर नोएडाला दोन वर्षांची पदविका आहे. जळालेले दाणे ओळखणारा, हाडं ओळखणारा, माती वाचणारा असा माणूस आम्हाला कायम कमी पडतो, त्यामुळं बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, केमिस्ट्री, काहीही केलं तरी वाया जात नाही. नोकऱ्या थोड्या आहेत हे खरं आहे आणि ते त्याच्यापासून लपवू नका. पण ते पदवी झाल्यावर ठरवायचं आहे, आज नाही.

आज त्याला माझ्याकडं पाठवा. मी शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या घरात आलं, उतरल्यावर सगळं घर धुतलं, पण परसात जुन्या हौदामागं एक हातभर जागा मी मुद्दाम तशीच ठेवली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. परवा नातीला दाखवायला म्हणून मी तिथं खुरप्यानं उभा काप घेतला. खाली २०१९ चा गाळ, बोटभर, वाळून चिरा पडलेला. वर २०२१ चा, जरा पातळ आणि फिक्कट. मधे काळपट रेघ, दोन वर्षांचा पालापाचोळा आणि धूळ. आणि त्या काळ्या रेघेत, खालच्या गाळाच्या वर आणि वरच्या गाळाच्या खाली, निळ्या मास्कचा तुकडा, कानाच्या दोरीसकट. नातीनं बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हे हितं कसं आलं?" मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही, काप झाकून ठेवलाय. तुमच्या पोराला सांगा वही आणि पट्टी घेऊन ये, खुरपं माझ्याकडं आहे.